बाटलीतला रंग

स्टोनफ्लाय हा ओढ्यातल्या दगडांखाली वाढणारा कीटक. आमच्या ओढ्यात त्याची एक नवी जात सापडली. तिचं पहिलं वर्णन मला लिहायचंय. पुढे सगळे त्यावरूनच तिला ओळखणार. बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवलेला कीटक सूक्ष्मदर्शकातून पाहून मी लिहिलं, ‘अंग फिकट तपकिरी.’

कीटक धरायला मदत करणाऱ्या पारूबाई शेजारीच होत्या. त्या डोकावल्या. “तपकिरी कुठला, बाई? चांगला पिवळाधमक असतोय. तुमच्या दारूत विटलाय.”

खरं होतं. अल्कोहोलमध्ये रंग उडतो, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. शोकसभेत असंच होतं. आयुष्यभर कडाकडा भांडलेली बाई मेल्यावर तिथल्या भाषणांत शांत, सोशिक होऊन जाते आणि लोकांकडे तीच ओळख उरते.

या कीटकाचा हंगाम संपायला अजून चारेक दिवस आहेत. मी ती ओळ खोडली आणि पारूबाईंना म्हटलं, “उद्या सकाळी ओढ्यावर जाऊ. जिवंत बघायचाय.”

“पाण्यात उतरायला लागंल. गुडघा ऐकंल का तुमचा?”

“नाही ऐकलं त्यानं तर तुम्ही धरा, मी काठावरून बघेन. पण रंग बघूनच लिहीन.”