मेणावरची चकाकी

वधूच्या मामाची पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं धोतर, हा माझा सगळ्यात आवडता रिफ्लेक्टर. तंजावूरच्या लग्नाच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली नवरी हिरवट दिसते, हनुवटीखाली काळोख साचतो. मी मामांना दारापाशी अशा जागी उभं करतो की बाहेरचं ऊन त्यांच्या वेष्टीवर पडून नवरीच्या गळ्यावर उतरतं. मामांना सांगतो, तुमच्याशिवाय हा फोटो होणारच नाही. ते छाती काढून तासभर उभे राहतात. फोटो खरंच त्यांच्याशिवाय होत नाही. फक्त ते एकाही फोटोत नसतात.

असे माझे बरेच उद्योग आहेत. दागिन्यांचे फोटो काढायला मी दह्याच्या पांढऱ्या डब्याचा तळ कापून तो हारावर उपडा ठेवतो. मग सोन्यात माझं टक्कल दिसत नाही. पंचधातूच्या मूर्तीला चादरींचा तंबू बांधतो. ओरत्तनाडूच्या जुन्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, वीज मिळाली नाही, तेव्हा बसस्टँडजवळच्या सलूनमधून दोन आरसे मागून आणले. अंगणातलं ऊन पहिल्या आरशात, तिथून दुसऱ्यात, तिथून आतल्या खांबावर. सलूनवाल्याचा माझ्यावर भरवसा नव्हता, म्हणून दुकान बंद करून तोही आरशांबरोबर आला आणि दुपारभर दुसरा आरसा त्यानेच धरला. पहिल्यापेक्षा चांगला धरला.

पण चेहऱ्यावर उजेड पडायचा तर नुसता दिवा पुरत नाही, गोष्ट लागते. समोरचा माणूस ताठ बसला की मी काहीतरी सांगायला लागतो. तो हसला, चकित झाला, डोळे विस्फारले, की बटण दाबतो. त्यातल्या निम्म्या गोष्टी खोट्या असतात आणि उरलेल्यांना मीठमसाला लावलेला असतो. वर्षानुवर्षं हे चालल्यामुळे गावात लोक माझं बोलणं आवडीने ऐकतात आणि ऐकून तिथेच सोडून देतात.

हे सगळं मी कुठेही बसलो की रंगवून सांगतो. पुढचं मात्र सांगत नाही.

एका निर्यातदाराला वेबसाइटसाठी तंजावूरच्या वीणांचे फोटो हवे होते. मी गेलो ते सत्तरी ओलांडलेल्या एका आचारींच्या कामाच्या जागी. आमच्याकडे आचारी म्हणजे स्वयंपाकी नव्हे, लाकूडकाम करणारा कारागीर. आचारी वीणा घडवत आणि तिचा मेळही बांधत. वीणेच्या दांडीवर दोन्ही कडांना मेण आणि कोळशाची पूड यांचं काळं मिश्रण थापायचं, त्यात चोवीस पितळी पडदे एकेक करून दाबायचे आणि प्रत्येक पडद्याचा सूर कानाने ठरवायचा, म्हणजे मेळ बांधणं. एक केसभर पडदा सरकला तर सूर गेला. मोजपट्टी नाही, यंत्र नाही, फक्त कान. त्या कानासाठी लोक लांबलांबून त्यांच्याकडे येत.

त्या दिवशी त्यांनी नुकताच मेळ बांधून ठेवलेली एक वीणा भिंतीशी होती. तिरुवैयारुच्या एका वीणाशिक्षिकेची. त्या आमच्यातल्याच, तंजावूरच्या मराठी घरातल्या, दूरच्या नात्यातल्या, मी त्यांना अक्का म्हणतो. तीस वर्षं त्यांच्या वीणांना आचारींखेरीज कोणाचा हात लागलेला नव्हता.

माझ्याकडे जुन्या व्हिडिओवाल्यांकडून घेतलेला एक हजार वॅटचा हॅलोजन आहे. एलईडी आल्यापासून सगळ्यांनी ते फेकून दिले, मी ठेवला. त्याचा पिवळा उजेड फणसाच्या लाकडावर पडला की लाकूड जिवंत झाल्यासारखं वाटतं. मी तो लावला तेव्हा आचारींनी हातातली पटाशी खाली ठेवली आणि म्हणाले, “तंबी, तो दिवा लांब ठेव. मेण आहे.”

ते मला तंबी म्हणजे धाकटा भाऊ म्हणतात, मी त्यांना आदराने अय्या. मी म्हटलं, “ठेवतो अय्या,” आणि ठेवलाही.

मग ते जेवायला आत गेले. दुपारची वेळ, खोलीत मी आणि वीणा. लांबून उजेड सपाट पडत होता. पडद्यांच्या रांगेला धार येत नव्हती. मी दिवा हातभर पुढे घेतला. मग आणखी हातभर. मग अगदी कडेने, इतका जवळ की पडद्यांच्या सावल्या शिडीसारख्या लांब पडल्या. आणि काळ्या मेणावर एक ओली, रेशमी चकाकी आली. अशी चकाकी मी कधी पाहिली नव्हती. मी अर्धा तास फोटो काढत राहिलो. स्वतःशीच वाहवा म्हणत होतो. आचारी हात पुसत बाहेर आले तोवर मी दिवा पुन्हा मागे नेऊन ठेवला होता.

त्यांनी सांगितलेलं मी विसरलो होतो, असं मला म्हणता येत नाही. दिवा मागे नेला, म्हणजे ते माझ्या लक्षात होतं.

आठवड्याने मी त्यातला सर्वात चांगला फोटो मोठा छापून अक्कांना द्यायला तिरुवैयारुला गेलो. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. अक्का आमच्या घरांतली जुनी मराठी अजून जशीच्या तशी बोलतात. म्हणाल्या, “दिसावयास सुरेख आहे रे. वाजत मात्र नाही.”

मी हसलो. मला वाटलं, फोटोला म्हणतायत.

मग त्यांनी सांगितलं. वीणा घरी आणली, तारा लावल्या, आणि पडदे जागेवर नव्हते. सहावा, सातवा, आठवा तर सरळ खाली बसलेले. आचारींच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी वीणा तशीच बाजूला ठेवली होती, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायला मन होत नव्हतं. आणि आचारींना भेटून आल्या होत्या.

“त्यांचा कान गेला रे,” अक्का म्हणाल्या. “कसें सांगूं त्यांस, पण सांगितलें. शिकणाऱ्या मुली आहेत, त्यांच्या वीणाही तिथेंच जातात. नुसती मान हलवली.”

फोटो पुन्हा माझ्या हातात आला होता. सहावा, सातवा, आठवा पडदा त्यात मधोमध होता, आणि त्यांच्या बुडाशी ती चकाकी. ती मेणाची चकाकी नव्हती, मेण वितळत होतं. मला त्या क्षणी सगळं कळलं. बोलायला तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं ते हे: “वय झालं हो त्यांचं.”

अक्कांनी निःश्वास सोडला. मला कॉफी दिली. मी ती प्यायलो.

चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मी एका हॉटेलचे फोटो काढले, तीन लग्नं केली, कावेरीच्या घाटावर पहाटे एका नर्तिकेला पाण्यात उभं करून पाठीमागून उजेड दिला. सगळीकडे बडबड केली, लोक हसले. स्कूटरवरून आचारींच्या रस्त्याने जायचं टाळत होतो. वेबसाइटवर तो फोटो सगळ्यात वर होता. निर्यातदाराने मला फोन करून विचारलं होतं, मेणाला असं पॉलिश कसं आणलं. मी त्याला पाच मिनिटं प्रकाशाचा कोन समजावून सांगितला.

शेवटी त्यानेच आणखी फोटोंसाठी मला तिथे पाठवलं. गेलो तर आचारी कुंबा, म्हणजे वीणेचा खालचा गोल भाग, कोरत बसले होते, दांडीवर मेळ बांधायची जागा रिकामी होती. मेणाची शेगडी कोपऱ्यात, तिच्यात गार राख. मी विचारलं, मेळाचं काम नाही का सध्या? ते कोरता कोरता म्हणाले की मेळासाठी वीणा आता पुतण्याकडे देतात. आपण लाकूड करायचं. लाकडाला कान लागत नाही. हे सगळं त्यांनी कसलाही सूर न लावता सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “घरी रोज सकाळी तंबोरा लावून बघतो. मला बरोबर वाटतो. पण बरोबर वाटतो म्हणजे काय, ते आता मला कसं कळणार?”

तेव्हा मी सांगून टाकलं. तुम्ही जेवायला गेलात, मी दिवा पुढे घेतला, मेण मऊ झालं, पडदे बसले, तुमचा कान कुठे गेला नाही.

आचारी हसले. खरंच हसले, मायेने. पटाशी ठेवून त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “तू चांगला आहेस, तंबी. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून गोष्ट छान जुळवलीस.”

मी शपथ घेतली. त्यांनी आठवण करून दिली की मागच्या खेपेस, त्यांनी भुवया उंचावाव्यात म्हणून, मी एका हत्तीने माझी कॅमेऱ्याची पिशवी गिळली ती हकीकत अशीच शपथेवर सांगितली होती. मी मोबाइलवर फोटो दाखवले. पहिल्या फोटोत पडदा सरळ, चाळिसाव्यात कललेला. ते म्हणाले, तू तर फोटोत टकल्या नवऱ्या मुलाच्या डोक्यावर केस उगवून दाखवतोस, तुला पडदा कलवायला काय लागतं.



मी स्कूटरच्या डिकीतून हॅलोजन काढून आणला. कोपऱ्यात दांडीचा एक टाकाऊ तुकडा होता, त्यावर मेण होतं, आणि एक पडदा अजून रोवलेला. तो मी चौरंगावर ठेवला आणि दिवा त्या दिवशी होता तितक्याच अंतरावर लावला. नेमका तितक्याच. ते अंतर मला चार महिने पाठ होतं. एरवी असा दिवा लावला की माझं तोंड सुरू होतं. त्या दिवशी मी गप्प उभा राहिलो. आचारी मांडी घालून बघत होते, चेहऱ्यावर अजून थोडं हसू होतं. दहा मिनिटांनी मेणावर ती चकाकी आली. आणखी काही मिनिटांनी त्यांनी बोट पुढे करून पडद्याला नुसतं टेकवलं, तार टेकते तितकंच. पडदा खाली बसला.

हसू गेलं. त्यांनी स्वतः उठून बटण बंद केलं.

“मी तुला सांगितलं होतं,” ते म्हणाले. “लांब ठेव म्हणून सांगितलं होतं.”

“हो अय्या.”

“चार महिने.”

मी मान खाली घातली. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शर्ट घातला, मेण आणि कोळशाची पूड एका पिशवीत घेतली, आणि म्हणाले, “चल. अक्कांना तू सांगणार.”

तिरुवैयारुपर्यंत ते स्कूटरवर माझ्या मागे बसले होते, आणि एरवी लोक खांद्याला धरतात, त्यांनी सीटच्या कडेला धरलं होतं. अक्का दारातच होत्या. आम्हाला दोघांना एकत्र बघून गोंधळल्या. बसलो. मी सुरुवात केली, “अक्का, त्या दिवशी दुपारचं ऊन असं पडलं होतं की...”

“ऊन राहू दे,” आचारी म्हणाले.

मग मी तीन वाक्यांत सांगितलं. तीन वाक्यांतच मावणारी गोष्ट होती. चौथं वाक्य अक्कांनी विचारून घेतलं: मी फोटो घेऊन आलो होतो तेव्हा मला हे माहीत होतं का. मी म्हटलं, तुम्ही बोलत असताना कळलं. “आणि कॉफी घेऊन गेलास,” त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मग त्या आचारींसमोर खाली बसल्या आणि हात जोडले. आचारी म्हणाले, वीणा आणा.

जुनं मेण खरवडून काढायलाच दुपार झाली. शेगडी पेटवली, नवं मेण तापवून काळं केलं, मळलं, दांडीच्या कडांना थापलं. मला कोणी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. मी भिंतीला टेकून बसलो. पुढे त्यांनी पहिला पडदा मेणावर टेकवला, तार छेडली, किंचित सरकवला, पुन्हा छेडली. हात तेच, सफाईदार. पडदा बसला. माझ्या कानालाही कळलं की बसला.

आणि त्यांनी वर बघून अक्कांना विचारलं, “बरोबर आहे का?”

या माणसाने तीस वर्षांत अक्कांना हे कधी विचारलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

आचारींनी दुसरा पडदा टेकवला. छेडला, सरकवला, छेडला. थांबले. मला वाटलं, आता विचारणार नाहीत. विचारलं. तिसऱ्याला विचारलं. दहाव्यापाशी अक्का न विचारताच म्हणाल्या, उत्तम आहे, पुढे चला. तरी त्यांनी पुन्हा छेडून दाखवला आणि विचारलंच. चोविसाव्या पडद्यापर्यंत, प्रत्येक पडद्यागणिक, ते मान वर करून वाट बघत राहिले, आणि अक्का हो म्हणत राहिल्या.