इंदीनं माझ्याकडून उचललेलं

इंदुप्रभा गेल्याचं मला नातीच्या मोबाइलवर कळलं. सकाळची मी मेथी निवडत बसले होते. थोरल्याची मुलगी आली, "आज्जी, तुझी मैत्रीण गेली गं," म्हणाली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यात तिच्या मालिकेतला तो एक तुकडा चालू होता, अख्ख्या महाराष्ट्राला रडवलेला. तरणा मुलगा गेलेली आई न्हाणीत बसते, त्याचा स्वच्छ धुतलेला शर्ट पुन्हा पाण्यात घालते, पिळते, दोरीवर टाकते. टाकून झाल्यावर एक बाही धरून हळूच खाली ओढते, पोराला हाताला धरून जवळ घ्यावं तशी. दुपारपर्यंत तो तुकडा मला भाचीनं पाठवला, भिशीतल्या बायकांनी पाठवला, पलीकडच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्यानंही पाठवला. खाली हात जोडलेली चित्रं आणि 'तुमच्या मैत्रिणीला श्रद्धांजली'. प्रत्येक वेळी मी तो बघितला... आता न्हाणी मुंबईतली असणार आणि शर्ट कुठल्या तरी दुकानातला, एवढं मलाही कळतं. पण बाही ओढणारा तो हात माझा होता, आणि शर्ट माझ्या दिलीपचा.

याला आता दीड महिना होत आला. लहानपणापासून ओळखत होता, तुम्हीच लिहा, असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं. बाकीच्यांनी लिहिलेलं मी सगळं वाचलं. सहज अभिनय, मातीतली अभिनेत्री, असंच सगळ्यांनी लिहिलंय आणि ते खोटं नाही. मी चौथी शिकलेली बाई. पुढचं जे काही आलं ते रद्दीतल्या पुस्तकांतून आलं, त्यामुळे मी बोलते तसंच लिहिणार. आणि खरं तेच लिहिणार.

आम्ही दोघी शिवाजी पेठेतल्या एकाच गल्लीतल्या. तिचं नाव नुसतं इंदू, 'प्रभा' पुढं कुणा निर्मात्यानं चिकटवलं. आमच्यासाठी ती इंदीच, आणि मी तिची तानी. त्या वेळी सिनेमाच्या स्टुडिओतून माणूस यायचा गल्लीत. पाण्याला जाणाऱ्या बायका पाहिजेत, आपापली घागर घेऊन या, असं ओरडून सांगायचा. आम्ही पोरी घरातल्या घागरी चिंचेनं घासून लखलखीत करून पळायचो. कॅमेरा दिसला की बाकीच्या सगळ्या पदर सारखा करायच्या आणि तिकडंच बघत चालायच्या. इंदी मात्र डाव्या अंगाला जरा झुकून, मधेच थांबून कंबरेला हात देत, जुनाट दुखणं असल्यासारखी चालली. दिग्दर्शकानं सगळं थांबवून विचारलं, ही पोरगी कुणाची? परत येताना मी म्हटलं, अगं, हे तर आपल्या भागूमावशीचं चालणं. ती म्हणाली, "व्हय, उचलली तिला."

हा तिचा शब्द. माणूस 'उचलायचा'. कुणाकडं ती शिकायला गेली नाही, आरशासमोरही कधी उभी राहिली नाही. शनिवारी आम्ही मंडईच्या पायरीवर शेंगा खात बसायचो, आणि माझं काम माणसं हेरायचं. मी कोपरानं ढोसायची, ती बघ, ती उचल. कलिंगडवाल्या बागवान मामी फळावर बोट वाजवून कान लावायच्या आणि कान काढताना तोंडावर असा भाव, जणू आतून कुणी निरोप दिलाय. तो भाव तिच्या दुसऱ्या की तिसऱ्या पिक्चरमध्ये आला. थेटरात मी इतक्या जोरात हसले की पुढच्या बाकावरचे पावणं मागं वळून खेकसले. भागूमावशीही ते पहिलं पिक्चर बघून आली. गल्लीत सांगत होती, पोरगी किती ठसक्यात चालती की, कुठनं शिकली असंल? ज्याचं उचललं त्याला कधी पत्ताच लागायचा नाही. त्याची आम्हा दोघींना फार गंमत वाटायची.

पुढं माझ्या भावानं माझं स्टुडिओत जाणं बंद केलं. लग्न झालं, हे फौंड्रीत कामाला, मी चुलीपुढं. ती पुढं जात राहिली. आधी नायिकेची मैत्रीण, मग चार-पाच काळ्यापांढऱ्या चित्रपटांत नायिका. बैलगाडीला तिचं चित्र बांधून भोंग्यावर नाव पुकारत गाडी आमच्या दारावरून जायची, आणि माझी सासू म्हणायची, ती बघ तुझी इंदी, बैलाच्या मागनं आली. रंगीत सिनेमा आला, काम हळूहळू मुंबईला गेलं, आणि ती नायिकेची वहिनी झाली, मग खाष्ट सासू झाली. सासूच्या भूमिकेत तिनं माझी सासू उचलली होती. मी कुणाला सांगितलं नाही. मधे काही वर्षं कामच नव्हतं, ती शाहूपुरीतल्या फ्लॅटवर एकटी राहायची. लग्न केलं नाही, का केलं नाही ते तिनं मलाही सांगितलं नाही. पडद्यावर शुद्ध तुपातलं बोलायची, माझ्याकडं आली की चप्पल काढायच्या आधीच, "ताने, च्या टाक की."

दिलीप माझा धाकटा. बिद्रीला मित्राच्या लग्नाला मोटरसायकलवर गेलता. येताना रस्त्याकडेला अंधारात उसाची ट्रॉली उभी होती... एवढंच. यापुढचं मला लिहिता येत नाही.

माणसं आली, रडली, गेली. इंदी आली ती राहिलीच. हाताला एक छोटं काम आलेलं तेही तिनं सोडलं. ती स्वयंपाक करायची, ह्यांना जेवायला वाढायची, माझ्या केसांना तेल लावायची. मला रडूच येत नव्हतं. त्याचे कपडे कुणाला तरी देऊन टाका, असं सगळे सांगत होते. मी त्यातला एक शर्ट काढून घेतला, निळ्या बारीक रेघांचा. धुतला. वाळला की परत भिजवला. किती दिवस चाललं मला आठवत नाही. दोरीवर टाकला की बाही वर चढून राहायची, म्हणून मी ती खाली ओढायची... ओढली की सोडवायची नाही. घराबाहेरच्या कुणी हे बघितलं नव्हतं, इंदी सोडून. ती न्हाणीच्या दाराशी पाट टाकून बसून राहायची. मला वाटायचं, ही राखण करतेय माझी. जगात हिच्यापुढं तरी काही झाकायला नको, असं वाटायचं. त्या दारात ती बसली नसती तर मी वेडी झाले असते, हेही खरं आहे.

दोन-तीन वर्षांनी तिला ती मालिका मिळाली. इतक्या वर्षांनी मोठं काम, म्हणून आमच्या घरी गल्ली गोळा व्हायची. त्या दिवशीही बायका, पोरं सगळी दाटीनं बसलेली. इंदी पडद्यावर न्हाणीत शिरली, बादलीत शर्ट बुडवला, पिळून दोरीवर टाकला. तिनं बाही ओढली. खोलीतल्या बायका पदर डोळ्याला लावून हुंदके देत होत्या. माझ्याकडं एकीनंही बघितलं नाही. कशाला बघतील? त्यांना काय ठाऊक? हे तेवढे उठले, टीव्ही बंद केला, "आमच्या घरातलं हाय हे," म्हणाले आणि पायात काही न घालताच बाहेर गेले. मालिका बंद केली म्हणून बायका त्यांच्यावर चिडल्या.

तिला बक्षीस मिळालं. मुलाखतीत विचारलं, मूल नसताना हे दुःख कसं साकारलं? इंदी मान खाली घालून म्हणाली, ते आतून आलं. कुणाच्या आतून, असं मी टीव्हीलाच विचारलं.

मी शाहूपुरीला गेले. तिनं दार उघडलं आणि माझं तोंड बघूनच तिला कळलं. मी म्हटलं, विचारायचं तरी होतंस.

"विचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय? त्या न्हाणीत वाया गेलं असतं ते, ताने. मी ते घराघरात नेलं. केवढी माणसं रडली तुझ्या पोरासाठी."

"माझ्या पोरासाठी कुणी रडलं न्हाय. तुझ्यासाठी रडली. वाया जाऊ द्यायचं होतंस."

ती म्हणाली, "भागूमावशीला उचललं तवा हसलीस की तू."

"भागूमावशीची कंबर दुखत होती, इंदे. माझा पोरगा गेलता."

चहा टाकते म्हणाली, मी थांबले नाही. तिनं क्षमा मागितली असती तर मी दिली असती. तिला मागायचीच नव्हती, कारण आपण काही चुकलो असं तिला वाटतच नव्हतं. लुबाडणाऱ्याला निदान आपण लुबाडतोय हे ठाऊक तरी असतं. ही जवळ बसली, केसांना तेल लावलं, घास भरवला, आणि ते सगळं मनापासूनच केलं. त्याच डोळ्यांनी बघूनही घेतलं. यातलं कुठलं खरं, असं मी किती वर्षं स्वतःला विचारत बसले. दोन्ही खरं होतं, आणि मला तेच सोसत नाही.

मग आमचा अबोला. मंडईत पायरीजवळून जाताना एखादी भन्नाट बाई दिसली की माझं कोपर मात्र आपोआप शेजारी जायचं. शेजारी कुणी नसायचं.

हे वारले तेव्हा मी त्यांचा सदरा धुऊन दोरीवर टाकला. बाहीला हात गेला, तो काही मी ठरवून नेला नव्हता. मागं नणंद उभी होती. शेजारणीला हळूच म्हणाली, "वहिनी बघ की, टीव्हीतल्या बाईगत करायली." मला ऐकू आलं. मी हात काढून घेतला. माझ्याच घरात, माझ्याच माणसासाठी, मी नक्कल करणारी ठरले. त्या दिवसापासून कपडे वाळत घालायचं काम सूनबाईकडं आहे. ती विचारते, आत्या, का हो? मी म्हणते, खांदा दुखतो.

या दिवाळीनंतर तिचा निरोप आला, येऊन जा. जाणार नव्हते, गेले. पलंगावर तिचं पाऊल तेवढं मोठं दिसत होतं, बाकी सगळी आटलेली. कपाळावर हात ठेवला, तर म्हणाली, तुझा हात अजून खरबरीतच हाय. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. बागवान मामींचा पणतू आता मोबाइल विकतो म्हटल्यावर पोट धरून हसली, मग खोकली. खोकला थांबल्यावर माझ्याकडं बघत राहिली.

"ताने, मी गेल्यावर काय करशील?"

"काय करणार? भाकरी थापीन."

"तसं न्हाय. माझ्यासाठी कशी रडशील ते आत्ता दाखव की. मागनं मला बघायला मिळायचं न्हाय."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. शरीर सगळं गेलेलं, डोळे मात्र मंडईच्या पायरीवरचे, लख्ख, भुकेलेले. तिला माझ्या मायेची खात्री हवी होती की शेवटचं एक माणूस उचलायचं होतं, हे तिला तरी सांगता आलं असतं का...

"न्हाय दाखवणार," मी म्हटलं.

"येवढं पण न्हाय?"

"येवढं न्हायच."

ती हसली. "शिकलीस की गं," म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. माझा हात मात्र सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.

तिला न्यायच्या वेळी जिन्यात कॅमेरेवाले उभे होते. एका मुलीनं माझ्यापुढं माइक धरून विचारलं, आज्जी, काय भावना आहेत? मी दोन्ही हात पदरात धरून उभी राहिले. जमलेल्या बायका माझ्या हातांकडं बघत होत्या, की मलाच तसं वाटत होतं. घरी आले, अंघोळ केली. नातीला म्हटलं, जरा वेळ कुणी हाक मारू नका. आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली.

इंदीसाठी मी आत काय केलं, ते इथं लिहिणार नाही.