तेलाची वाळू

मारण्याआधी मामा चिमूटभर माती उचलायचे, छातीसमोर धरून हळूच सोडायचे आणि ती कुठे उडते ते बघत राहायचे. मग म्हणायचे, "आदी हवा बघा, सायेब. मारायचं मागून."

हवा बघता बघता माझ्या ऑफिसची वेळ व्हायची.

आमच्या तालुक्याच्या गावी गोल्फ, हे ऐकून तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. मामा उमापूरचे. फौजेच्या गोल्फ मैदानावर उभी हयात माळीकाम करून परत आले आणि आमच्या नगरपालिकेच्या उद्यानात रोजंदारीवर राखणदार लागले. उद्यान म्हणजे कुंपण, फाटक, चार-दोन लिंब आणि बाकी नुसता मुरूम. तिथे त्यांनी सहा खड्डे खणले, प्रत्येकात डालड्याचा रिकामा डबा बसवला. दोन जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू त्यांच्याकडे होतेच. येईल त्याने खेळावं. सकाळी मी असायचो, एक निवृत्त कंडक्टर असायचे आणि पदर खोचून मारणाऱ्या एक अंगणवाडीताई. ताईंचा चेंडू सगळ्यांत लांब जायचा. माझा लिंबात अडकायचा.

"हात ढिल्ला सोडा," मामा म्हणायचे. "चेंडूनं काय घोडं मारलंय तुमचं?"

गवत जगवायला पाणी नव्हतं. म्हणून मामांनी खड्ड्यांभोवती वाळू पसरली आणि तिच्यात गॅरेजमधलं जळकं तेल कालवलं. त्याने धूळ बसायची, चेंडू सरळ घरंगळायचा. तेलाचा एक कॅन मी स्वतः मोटारसायकलवर आणून दिला होता. लांबून मात्र ती सहा वर्तुळं काळी, ओली दिसायची.

त्या उन्हाळ्यात तलाव आटला. मी पालिकेत पाणीपुरवठ्याचा कारकून. उद्यानामागच्या वस्तीचा टँकर तीन दिवस एका मंगल कार्यालयाकडे गेला. वरून सांगणं आलं, मी वळवला. वस्तीत मात्र बोललं जाऊ लागलं की टँकर उद्यानात रिकामा होतो. तिथल्या नगरसेवकाचा मला फोन आला. "तो म्हातारा पाणी मुरवतोय का बे तिथं?"

नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न टँकर गेला कुठे, हा होता. मी म्हणालो, "बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा फाटकाच्या आत गर्दी होती. बायकांच्या हातात रिकाम्या घागरी होत्या. मामा मूठभर वाळू एकेकाच्या नाकाशी नेत होते. "वास घ्या. तेल हाय ओ हे, पानी न्हाई."

कुणी वास घेतला नाही. एकाने मामांच्या बगलेतली काठी ओढून घेतली. पहिला फटका मनगटावर बसला. पुढचे किती बसले ते मला सांगता येणार नाही. मी फाटकाशी मोटारसायकल चालू ठेवून खाली बघत होतो.

बीडच्या दवाखान्यात मामांचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "सायेब, तुमाला तर ठावं होतं. तुमी सांगितलं न्हाई का त्यांना?"

"सांगितलं, मामा."

"मग ऐकलं नसंल," ते म्हणाले. "लई गलका होता."

उद्यानाला कुलूप लागलं. मंगल कार्यालयातलं लग्नही उरकलं होतं, त्यामुळे टँकर पुन्हा वस्तीत येऊ लागला. लोकांना वाटलं, आपलं बरोबरच होतं.

मामा बहिणीकडे उमापूरला राहायला गेले आणि दिवाळीनंतर वारले. त्याआधी एकदा मी गेलो होतो. ओसरीवर बसून ते डाव्या हाताने भाकरी मोडत होते, ती ताटाबाहेर सरकत होती. मला बघून त्यांनी सरकून जागा केली आणि आत हाक मारली, "आक्का, भाईर ये. हेच ते सायेब. सारं गाव एकीकडं न् हे एकटे माझ्यासाठी भांडले."

आक्का माझ्या आईच्या वयाच्या. त्या बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या पाया पडल्या.

मी पडू दिलं.