धोंड्यातला मणी आणि माझा नवा दात

जावयानं सासरी तोंड मिटून बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण धोंड्याच्या महिन्यात ते कसं जमावं?

बियाण्याच्या पोत्याची शिवण दातानं तोडायची मला खोड. एकदा नवीन जालन्यातल्या माझ्या दुकानात शिवण तशीच राहिली आणि माझा समोरचा दात अर्धा तुटला! दाताच्या डॉक्टरांनी उरलेला दात घासून वर पोर्सलिनची कॅप बसवली. "कुणाला कळणार बी न्हाई. फक्त आज कडक काही चावू नका."

आणि त्याच दुपारी जाफराबादला सासरी धोंड्याचं जेवण! सासरे सत्तरीचे, पण सुपारी अजून दातानंच फोडतो म्हणायचे (आणि म्हणताना माझ्याकडे बघायचे). "दात गेला की माणूस गेला" हे त्यांचं आवडतं वाक्य. तेव्हा कॅपचं गुपित फुटता कामा नये, हे मी बायकोला बजावलं. जीपमध्ये माझी जीभ सारखी दाताकडेच.

"अहो, सैल होईल ना! जीभ लावू नका."

"न्हाई लावत!"

पुरण भरलेले धोंडे ताटात आले. त्यातल्या एकात सोन्याचा मणी लपवायची सासरची रीत. जावयाला सापडला की त्याचा. मी पहिलाच घास घेतला आणि कट्ट! जिभेवर काहीतरी टणक, गुळगुळीत. गेली कॅप! सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी घाबरून तांब्याभर पाण्याबरोबर ते गिळून टाकलं; दाताच्या जागी जीभ लावून बघायचा धीरच झाला नाही.

"जावईबापू, सापडला का मणी?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई," मी ओठ मिटूनच म्हणालो.

मग दुसरा धोंडा. तिसरा. सातव्या धोंड्याला माझा श्वास कोंडला, पण मणी काही निघेना. सासूबाई सुनेकडे वळल्या. "सुनंदा, मणी घातल्ता का न्हाई तू?"

"घातल्ता आत्याबाई, देवाशप्पत!" सुनंदावहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंग गेला कुठं?"

बिचारीवर आळ येत होता आणि मी अब्रू सांभाळत बसलो होतो. माझी मलाच लाज वाटली. मी ताडकन उठलो. "वहिनींना बोलू नका! लपवाछपवी मी केली, माझा समोरचा दात नकली होता अन् तो मी पहिल्याच घासाला गिळला!" आणि पुरावा म्हणून मी आ वासला.

सगळे वाकून बघू लागले. बायको सगळ्यात जवळून.

"अहो, दात तर जागेवर हाय."

सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला (म्हणजे सुपारी अडकित्त्यानंच फुटत होती तर!). "मंग जावईबापू, गिळलं काय?"

मला दोन दिवस मुक्कामाचा आग्रह झाला. रोज सकाळी मी पाण्याचा डबा घेऊन शेताकडे निघालो की मेव्हणा लांबून ओरडायचा, "दाजी, जल्दी करू नका, बराबर बघा!"

मणी मिळाला. कॅप आजही पक्की आहे. कुणालाच कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या 'कुणालाच'मध्ये मीही येतो, एवढंच माझ्या लक्षात आलं नव्हतं!