चादरीखालचं बोलणं

रोह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर मंगळवारी पेणहून येत. मूळचे केरळचे, मराठी बेतानं बोलत. ते येण्याआधी पेशंटला बोलतं करणं हे नर्स सायराचं काम.

त्या मंगळवारी मुकादम कान्हूनं बुधूला आणलं. झारखंडचा संथाळ गडी, केमिकल कंपनीत ठेक्यावर.

"सिस्टर, याचं डोकं फिरलंय. रोज सांजचा चादर घेतो डोक्यावर नि भिंतीशी बडबडतो. मधीच हसतो. पोरं त्याच्या खोलीत झोपाय नाय म्हणतात. डॉक्टरचा कागद द्या, उद्या गाडीत बसवून देतो."

"गावी त्याला बघणार कोण?"

"ते मला काय ठाव?"

बुधू खाली मान घालून बसला होता. हिंदीत काहीही विचारलं तरी "ठीक हूँ" एवढंच. त्याची भाषा इथं कुणाला येत नव्हती. हातचं काम जाणार आणि वेडा हा शिक्का घेऊन तो घरी उतरणार, हे सायराला दिसत होतं.

पण चादर हा शब्द तिच्या मनात अडकला. अब्बा कुवेतला होते तेव्हा अम्मी गोधडी डोक्यावर घेऊन टेपरेकॉर्डरशी बोलायची. सासूच्या कानी पडू नये म्हणून. भरलेली कॅसेट कुवेतला जाणाऱ्या कुणाच्या हाती जायची. हलणारी, हसणारी ती गोधडी पाहून लहानग्या सायरानं शेजारी सांगितलं होतं, अम्मीला जिन लागलाय. मौलवींपर्यंत बोलावणं गेलं होतं.

तिनं कान्हूला चहाला पाठवलं. मग हिंदीत हळूच विचारलं, "चादरीत फोन असतो ना?"

बुधूनं पहिल्यांदा वर पाहिलं. कंपनीत फोन नेल्यावरून त्याला एकदा दंड बसला होता, तेव्हापासून फोन म्हणजेच गुन्हा असं त्यानं धरलं होतं. कमरेचा फोन काढून त्यानं त्यातलं एक रेकॉर्डिंग लावलं. म्हातारीचा आवाज, खोकला, मागं कोंबड्या. मोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं, आई आहे; गावात रेंज नाही; भाचा फोन घेऊन टेकडीवर जातो, आजीचं बोलणं पाठवतो, मामाचं खाली आणतो.

"झोप?"

त्यानं मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी आल्यावर सायराकडून सगळं ऐकलं. "होस्टेलमध्ये मी बाथरूममधून घरी बोलायचो," ते म्हणाले. "माझं मल्याळम ऐकून मुलं हसायची." मग बराच वेळ बुधूच्या झोपेबद्दल विचारत राहिले. पुढच्या मंगळवारी परत या म्हणाले. गाडीत बसवायचा कागद दिला नाही.

"म्हंजे येडा नाय?" कान्हूनं दारातच सायराला विचारलं.

"नाय. आईशी बोलतो."

"मग चादर कशाला?"

"तुम्ही सगळे ऐकत बसता म्हणून."

"आम्हाला कुठं कळतंय त्याचं?"

"तरी."

"मीपण उगाच घाबरलो गो बाय," कान्हू म्हणाला. मग बुधूच्या पाठीवर थाप मारली. "चल रे. सांजचा थोडा वेळ टीव्ही बंद ठेवू."

बुधूला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण निघताना फोन त्यानं कमरेला खोचला नाही, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला.