मामांची सत्तर हवेची पेटी

माझ्या बायकोच्या मामांची परवानगी घेतल्याशिवाय ओलावा मानवत गावात शिरत नाही, असं माझं ठाम मत आहे. पाऊस स्वतःच्या मर्जीने येतो, ते सोडा. पण आलेला ओलावा कुठे किती मुरला याचा निकाल मामांकडेच लागतो. एका जिनिंग कारखान्यात मामांनी चाळीस वर्षं कापूस पारखला. बाजारात मालातल्या ओलाव्याच्या टक्केवारीला ‘हवा’ म्हणतात, आणि हवा जास्त निघाली की भाव उतरतो, म्हणून हा आकडा फार मोलाचा. गाडी आली की मामा कोपरापर्यंत हात कापसात खुपसत, आतला मूठभर कापूस काढून उजव्या गालाला लावत, डोळे मिटत आणि ‘नऊ’ किंवा ‘अकरा’ एवढंच बोलत. पुढे कारखान्यात यंत्र आलं. एका गाडीला यंत्राने आठ सांगितले आणि मामांनी बारा. बराच वाद झाला, शेवटी कारागीर बोलावून यंत्र उघडलं, तर आत एक तार सुटलेली निघाली. त्यानंतर दर हंगामात यंत्रच मामांच्या गालावरून जुळवून घेत असत, असं मानवतचे लोक सांगतात आणि मी ते खरं मानतो. मालकांनी एकदा सुचवून पाहिलं की शेतकऱ्यांच्या गाडीला एक-दोन हवा जास्त सांगत जा. मामा म्हणाले, “मालक, कारखाना तुमचा हाय. गाल माझा हाय.” मालकांनी पुन्हा हा विषय काढला नाही.

निवृत्त झाल्यावर गाल काही निवृत्त झाला नाही. मामींचे पापड वाळले की नाही, ज्वारी कणगीत भरायची की अजून एक ऊन द्यायचं, शेजारच्या पोराचा गणवेश इस्त्रीजोगता झाला का, हे सगळं त्या गालावर ठरतं. आमच्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली असताना मामांनी हातातल्या अक्षता गालाला लावल्या आणि शेजारच्या पाहुण्याला सांगितलं, “ह्या तांदळात हवा लय हाय.” अक्षता ज्या पोत्यातल्या, ते आचाऱ्याने धास्तीने उपडं केलं तर तळाला खरोखर बुरशी. जेवण दीड तास उशिरा झालं, पण कोणाचं पोट बिघडलं नाही. मी बोहल्यावरून हा प्रकार बघत होतो आणि कोणत्या घराण्याशी सोयरीक जुळली आहे याची मला तेव्हाच कल्पना आली.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने, वैशूने, पुण्याला नोकरी करता करता परस्पर नोंदणी लग्न केलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, मामींनी महिन्याभरात मनाची समजूत घातली. मामांनी आदळआपट केली नाही, फक्त बोलणं बंद केलं. फोन वाजला की ते मामींकडे सरकवत आणि अंगणात जात. दीड वर्ष असंच गेलं. मी एकदा त्यांना छेडलं, तेव्हा म्हणाले, “तिनं सांगितलं न्हाई, त्याचा राग न्हाई जावईबापू. लग्नाआधी दोन दिवाळ्या ती घरी येऊन गेली, समोर बसून जेवली, आन् मला कायबी कळलं न्हाई. त्याचा हाय.” मी परभणीच्या शाळेत मराठी शिकवतो, शब्दांना तोटा नाही, पण त्या वेळी मी नुसता त्यांच्या शेजारी सरकून बसलो.

मग गेल्या वर्षी वैशूने मामींना कळवलं की या दिवाळीला आम्ही दोघं येतो. मामांनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी एसटीने परभणीला माझ्या दारात हजर. लग्नानंतरची अबोल्यात गेलेली पहिली दिवाळी त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती; त्यामुळे हाच दिवाळसण, आणि जावयाला काहीतरी द्यायला हवं. “त्याला काय आवडतं, तेवढं गुपचूप काढा,” म्हणाले. मी वैशूला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, महिन्यातून एखादी सिगार ओढतो, तेवढा एकच शौक. हे मामांना सांगायचं कसं? ज्यांच्या घरी सुपारीसुद्धा फक्त पूजेला येते, त्यांना! मी छातीवर दगड ठेवून सांगितलं. मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “त्या ठिवायच्या कशात?”

सिगार सुकली तर कडू होते, ओलावली तर बुरशी धरते, म्हणून ती एका खास लाकडी पेटीत ठेवतात, ह्युमिडॉर म्हणतात तिला, हे मी मोबाइलमध्ये बघून वाचून दाखवलं. मामांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षं ज्या विद्येची उपासना केली, तिचं एवढंसं देऊळ कोणीतरी लाकडात बांधून ठेवलंय, असं त्यांना वाटलं असावं. “आपुन पेटी देऊ,” म्हणाले. “आत काय ठिवायचं ते त्यानं बगावं.”

पेटी मागवली. आठवड्याने मी मानवतला गेलो, तर मामा ओसरीवर मान खाली घालून बसलेले आणि पेटीच्या झाकणाला बोटभर भेग. पेटीबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, आत सत्तर टक्के ओलावा राखावा. मामांच्या मते ही छापखान्याची चूक होती. सत्तर हवेचा माल म्हणजे नदीतून काढलेला माल. चांगली हवा आठ. म्हणून आठवर आणण्यासाठी त्यांनी पेटी उघडून दोन दिवस ऑक्टोबरच्या उन्हात ठेवली होती. मालातली हवा वेगळी आणि पेटीतल्या हवेतली हवा वेगळी, हे मी फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. परत करायची मुदत अजून संपली नव्हती. फुटकी आली म्हणून लिहून टाकू, असं मी सुचवलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मालकांकडे बघितलं असेल. “उन्हात मी ठिवली. भेग मी पाडली. त्यांनी कामून वापस घ्यावी?” आणि त्यांनी दुसरी पेटी मागवली.

दुसरी आली तेव्हा दिवाळीला बारा दिवस उरले होते, आणि त्या बारा दिवसांत मी जे पाहिलं ते अजून विसरलेलो नाही. आधी मामांनी पेटीच्या कडांवरून नख फिरवलं, बिजागरीचा एकेक स्क्रू चाचपला, नाक आत घालून डिंकाचा वास येतो का बघितलं. मग एसटीचं तिकीट झाकणात धरून झाकण लावायचं आणि तिकीट ओढायचं, असं चारी बाजूंनी इंचाइंचावर केलं. तीन बाजूंना तिकीट अडकून बसलं, मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र अलगद निघून आलं. खात्री करायला मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवला, झाकण लावलं आणि भर दुपारी पेटीसकट गोधडीत शिरले. उकाडा असा की माझा नुसतं बसून घाम निघत होता. आतून आवाज आला, “दिसला उजेड.” बिजागरी सैल करून तिच्याखाली पोस्टकार्डाची पातळ पट्टी सरकवली, पुन्हा गोधडी, पुन्हा उजेड, पुन्हा पट्टी. चौथ्या खेपेला मामा बाहेर आले तेव्हा घामाने निथळत होते, पण आत अंधार झाला होता.

मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी पेटीत वाटीत ठेवून लाकडाला तीन दिवस पाजलं. पेटीबरोबर ओलावा दाखवणारं काट्याचं छोटं यंत्र होतं. चौथ्या दिवशी मामांनी झाकण किलकिलं करून गाल टेकवला आणि म्हणाले, “अडुसष्ट.” काटा सत्तरावर होता. मी म्हटलं, मामा, आता वय झालं गालाचं. मामांनी वाद न घालता यंत्राचीच परीक्षा घ्यायची ठरवली. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन चार थेंब पाणी टाकायचं आणि यंत्राबरोबर घट्ट डब्यात कोंडायचं. यंत्र खरं असेल तर दुसऱ्या दिवशी बरोबर पंचाहत्तर दाखवतं, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. मामींचा चकलीचा डबा त्या कामी गेला आणि मामींनी आम्हा दोघांना मनसोक्त बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी डबा उघडला. काटा सत्त्याहत्तरावर होता. यंत्र दोन जास्त सांगत होतं आणि गाल खरं सांगत होता. मी वाकून मामांच्या पाया पडलो. थट्टेने पडायला गेलो होतो, पण पाया पडताना थट्टा राहिली नाही. मामांनी यंत्रावर चिठ्ठी चिकटवली, ‘दोन वजा करणे’, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी काटा बहात्तरावर स्थिर झाला.

पाडव्याला ओवाळणी झाल्यावर पेटी जावयापुढे आली. त्याने झाकण उचलून सोडलं. ते आपटलं नाही. आतल्या हवेवर तरंगत हळूहळू बसलं. तो जाणकार होता, त्याने पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं, आणि विचारलं, “ही कोणी तपासली?” वैशू दाराशी उभी होती. मामांकडे बघत म्हणाली, “आणखी कोण तपासणार?” दीड वर्षांत त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर ती बोललेली ही पहिली गोष्ट. मामांनी पेटी जावयाच्या हातातून घेतली आणि तिच्याकडे दिली. “पाणी तू बगायचं. आन् रविवारी आकडा मला सांगायचा.”

तेव्हापासून दर रविवारी फोन येतो आणि तो मामाच घेतात. वैशू वडिलांना अण्णा म्हणते, आणि बोलणं एवढंच असतं: अण्णा, बहात्तर, दोन वजा, सत्तर. बरं, पाणी घातलंस का. घातलं. ठीक हाय. दोघांपैकी कोणीही त्या लग्नाचं नाव काढलेलं नाही, आणि काढतील असं मला वाटत नाही. परवाच्या रविवारी मी तिथे होतो, फोन स्पीकरवर होता. वैशू म्हणाली, “बहात्तर, अण्णा. दोन वजा, सत्तर.” आकडा बरोबर होता, तरी मामा ‘बरं’ म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “न्हाई. कुठंतरी हवा निघायलीय. पेटी घिऊन ये इकडं. चार-आठ दिस लागतील तपासायला.”

वैशू हळूच म्हणाली, “हो अण्णा, मलाही तसंच वाटत होतं. शनिवारी निघते.”

मामांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मामी उठल्या आणि वैशूची गादी उन्हात टाकायला घेऊन गेल्या.