सासूबाईंचे तीन गुलाब

होळीला सासूबाई गावी गेल्या आणि मी मोबाइलवर व्हिडिओ बघून गॅलरीतले त्यांचे तिन्ही गुलाब छाटले. व्हिडिओतली बाई थंड देशातली होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. घोडपदेवच्या आमच्या चाळीत मार्चच्या दुपारी कठड्याला हात लावला तरी चटका बसतो. आठवड्याभरात फांद्या टोकापासून काळ्या पडू लागल्या. सासूबाई ओरडत नाहीत, बोलणंच बंद करतात. मागचा अबोला पंधरा दिवस टिकला होता.

मी कुंड्या सावलीत ओढल्या, मासे धुतलेलं पाणी घातलं. फांदी जिवंत असली तर सालीखाली हिरवं दिसतं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ नखाने साल खरवडून बघायचे. हिरवं दिसलं की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

सासूबाई आल्या आणि हातातली पिशवी न ठेवताच कुंड्यांपाशी वाकल्या. मी दारातच थिजले. त्यांनी प्रत्येक फांदीवरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

“छाटणीतून वाचले असते गो,” त्या म्हणाल्या. “हे रोज कोण सोलत होतं?”

मी हात पाठीमागे घेतले. नखांत अजून हिरवं होतं.